रेसिंग हेल्मेट: निवडायचं कसं, वापरायचं कसं, बदलायचं कधी

मोटरसायकलचं रेसिंग हेल्मेट घ्यायचं ठरलं की नजर आधी रंगावर जाते, मग मागच्या स्पॉयलरवर (वाऱ्यासाठी दिलेल्या पंखासारख्या उंचवट्यावर), मग वजनाच्या आकड्यावर. यातलं काहीही बघण्याआधी आपल्या गाडीवर बसा आणि आपलं डोकं वाऱ्यात कसं असतं ते बघा. निम्मा निर्णय तिथेच होतो.

हे हेल्मेट एका ठरावीक बैठकीसाठी घडवलेलं असतं. छाती टाकीवर टेकलेली, हनुवटी टाकीपासून बोटभर वर, मान मागे वाकलेली आणि नजर भुवयांच्या खालून वर रोखलेली. रायडर याला टक म्हणतात. या बैठकीत पुढचा रस्ता दिसावा म्हणून काचेच्या खिडकीची वरची कड नेहमीच्या हेल्मेटपेक्षा उंच कापलेली असते. मागचा स्पॉयलरही टकमध्येच खरा कामाला येतो: वारा पाठीवरून सरळ निघून जातो, हेल्मेट उचललं जात नाही आणि थरथरत नाही. तोच रायडर सरळ बसून वेगात खांद्यावरून मागे बघायला गेला, तर तोच स्पॉयलर वारा पकडतो आणि मानेला हिसका बसतो. व्हेंट, म्हणजे हवा आत-बाहेर जायची भोकं, मोठे आणि जास्त, म्हणून आवाजही जास्त. आतली उन्हाची काच बहुतेक रेसिंग मॉडेल्समध्ये नसतेच.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. गाडी सुपरस्पोर्ट (शर्यतीच्या ढंगाची, पुढे झुकून चालवायची) असेल, ट्रॅकवर जाणं होत असेल, किंवा रस्त्यावरही बराच वेळ पुढे झुकून बसत असाल, तर रेसिंग हेल्मेट घ्या. गाडी उंच हँडलची असेल आणि बहुतेक प्रवास सरळ बसून होत असेल, तर त्याच कंपनीचं स्पोर्ट-टूरिंग हेल्मेट घ्या. सुरक्षिततेत कमी पडणार नाही आणि मान जास्त सुखात राहील.

शिक्के वाचायला शिका

आधी आपल्या देशाचा कायदा कोणता शिक्का मागतो ते बघा. परदेशातून मागवलेल्या महागड्या हेल्मेटवर तो नसेल, तर रस्त्यावर ते कायदेशीर ठरेलच असं नाही. हे झालं की खालचे शिक्के बघा.

ईसीई २२.०६, म्हणजे हेल्मेटसाठीचा युरोपात चालणारा संयुक्त राष्ट्रांचा नियम, हा आजचा पाया समजा. पट्ट्यावर शिवलेल्या लेबलवर गोलात E आणि एक आकडा असतो. तो आकडा मंजुरी देणाऱ्या देशाचा: १ जर्मनी, २ फ्रान्स, ३ इटली, ४ नेदरलँड्स. त्याखालचा मंजुरी क्रमांक ०६ ने सुरू झाला म्हणजे नवा नियम, ०५ ने झाला म्हणजे जुना. पुढे P हे अक्षर असेल तर हनुवटीचा भाग संरक्षक म्हणून तपासलेला आहे.

जुन्या २२.०५ मध्ये हेल्मेट सेकंदाला साडेसात मीटर वेगाने ठरलेल्या जागांवर आपटत. नव्या नियमात जागा वाढल्या, आणि त्याच जोडीला ८.२ मीटरची जोरदार व ६ मीटरची हळू अशा दोन धडका आल्या. ८.२ मीटर म्हणजे ताशी जेमतेम तीस किलोमीटर. दोनशेने जाणाऱ्या रायडरला हा आकडा फसवा वाटतो. पण रायडर घसरून पडतो तेव्हा त्याचं डोकं जमिनीवर किती जोरात आदळेल हे मुख्यतः ते किती उंचीवरून खाली येतं यावर ठरतं. पुढचा वेग बराचसा घसरण्यात जिरतो. ८.२ मीटरचा वेग गाठायला जवळजवळ साडेतीन मीटर उंचीवरून पडावं लागतं. समोरच्या भिंतीवर किंवा खांबावर थेट आदळणं ही मात्र वेगळी गोष्ट आहे. तिथे कुठलंही हेल्मेट अपुरं पडू शकतं.

हळू धडकेची चाचणी मला जास्त महत्त्वाची वाटते. हेल्मेट नुसतं कडक केलं तर मोठी धडक ते सोसेल, पण छोट्या धडकेत आतला फोम दबणारच नाही आणि सगळा मार मेंदूपर्यंत जाईल. चांगल्या हेल्मेटला दोन्ही जमलं पाहिजे. म्हणूनच त्यात वेगवेगळ्या घनतेचे फोम वापरतात.

तिरक्या धडकेची चाचणीही २२.०६ मध्येच आली. ४५ अंशांच्या खरखरीत पृष्ठभागावर हेल्मेट आपटतात आणि डोकं किती झटक्याने फिरतं ते मोजतात. मेंदूच्या गंभीर इजांमध्ये या फिरण्याचा मोठा वाटा असतो. काही कंपन्या त्यासाठी आत सरकणारा पातळ थर बसवतात, मिप्स हा त्यातला सर्वांत परिचित. अराईसारखी कंपनी बाहेरचा शेल गोल आणि गुळगुळीत ठेवण्यावर भर देते, म्हणजे हेल्मेट कशात अडकण्याऐवजी घसरून निघेल. वाटा वेगळ्या, चाचणी तीच.

एफआयएमची, म्हणजे मोटरसायकल शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची, मंजुरी खास शर्यतीची. एफआरएचपीएचई-०१ हा तिचा पहिला टप्पा २०१९ पासून मोटोजीपी या सर्वांत वरच्या शर्यत-मालिकेत दिसू लागला आणि त्यानंतर दुसरा, जास्त कडक ०२ हा टप्पा आला. ही मंजुरी ज्या हेल्मेटला आहे त्याच्या पट्ट्यावर क्यूआर कोड असलेलं लेबल शिवलेलं असतं. ती मॉडेल आणि साइझप्रमाणे मिळते, म्हणून ‘या मॉडेलला एफआयएम आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. आपल्या साइझच्या हेल्मेटवर लेबल आहे का ते बघा आणि कोड स्कॅन करा. शर्यतीत उतरणार असाल तर आयोजकांचा त्या वर्षीचा नियम आधी वाचा, कारण कुठल्या टप्प्याची मंजुरी लागेल हे वर्षानुसार बदलतं.

स्नेल फाउंडेशन १९५७ पासून हेल्मेट तपासतं. त्याच्या २०२० आणि २०२५ च्या मानकांत डी आणि आर असे दोन प्रकार आहेत: डी अमेरिकेच्या वाहतूक खात्याच्या डीओटी नियमाशी जुळणारा, आर ईसीईशी. डीओटीचा शिक्का मात्र कंपनी स्वतःच लावते आणि सरकार नंतर नमुने तपासतं, म्हणून एकट्या डीओटीवर विसंबून मी हेल्मेट घेणार नाही. २००७ मध्ये सुरू झालेली ब्रिटनची शार्प योजना हेल्मेटना एक ते पाच तारे देते. आपल्या यादीतल्या मॉडेलला तारे मिळाले असतील तर बघून घ्या.

डोक्याचं माप आणि डोक्याचा आकार

इथे वेळ घालवा. शिक्के सारखे असलेल्या दोन हेल्मेटपैकी डोक्याला नीट बसणारं हेल्मेट जास्त सुरक्षित, मग दुसऱ्यावर कुठल्याही विजेत्याची सही असो.

शिंप्याची मऊ टेप घ्या. भुवयांच्या वर साधारण बोटभर, कानांच्या वरून आणि मागे डोक्याचा जो भाग सर्वांत फुगीर आहे त्यावरून टेप फिरवा. दोन-तीनदा मोजा, सर्वांत मोठं माप धरा. केस वाढवायचे किंवा कापायचे असतील तर ते उरकून मग मोजा. या आकड्यावरून कंपनीच्या तक्त्यात साइझ शोधा आणि तो तक्ता त्या कंपनीपुरताच धरा. एका कंपनीचं मीडियम दुसरीकडे लार्ज निघू शकतं.

घेर कळला, पण आकार कळला नाही. कोणाला तरी वरून डोक्याचा फोटो काढायला सांगा, केस दाबून. कपाळापासून मागपर्यंतची लांबी कानापासून कानापर्यंतच्या रुंदीपेक्षा बरीच जास्त दिसली तर डोकं लांबट. थोडी जास्त दिसली तर मध्यम, हेच सर्वांत जास्त आढळतं. जवळजवळ सारखी दिसली तर गोल. बहुतेक रेसिंग हेल्मेट मध्यम आकार धरून बनवतात. अराईने अमेरिकी बाजारासाठी सिग्नेट-एक्स लांबट, क्वांटम-एक्स गोल आणि कॉर्सेअर-एक्स मध्यम अशी विभागणीच केली होती, यावरून आकाराला किती महत्त्व आहे ते कळतं.

आकार चुकला की काय होतं? लांबट डोक्यावर गोल हेल्मेट घातलं तर कपाळाच्या मधोमध टोचतं आणि कानांच्या वर पोकळी राहते. माणूस मग एक साइझ मोठं घेतो. कपाळाचं टोचणं थांबतं, पण बाकी सगळीकडे हेल्मेट सैल होतं, आणि सैल हेल्मेट पडताना डोक्यावरून फिरतं. आकार चुकला असेल तर साइझ बदलू नका, मॉडेल बदला.

घालून बघताना

पट्टे दोन्ही हातांनी बाहेरच्या बाजूला ताणून हेल्मेट चढवा. कान दुमडून आत जात असतील, घालताना जरा झगडावं लागत असेल, तर ते चांगलं लक्षण. सहज डोक्यात गेलेलं नवं हेल्मेट बहुधा मोठं असतं.

आता आरशात बघा. गाल वर ढकलले जाऊन डोळ्यांखाली फुगलेले दिसले पाहिजेत. बोलताना गालाची आतली बाजू दातांखाली येत असेल तरी नव्या हेल्मेटमध्ये चालतं, कारण गालाचे पॅड पंधरा-वीस तासांच्या वापरात दबतात. डोक्यावरचं अस्तर मात्र तेवढं दबत नाही आणि त्यामागचा थर्माकोलच्या जातीचा ईपीएस फोम तर अजिबात नाही. म्हणजे गालाला घट्ट लागलं तर थांबता येतं. कपाळाला किंवा कानशिलाला लागलं तर थांबण्यात अर्थ नाही.

पट्टा बांधून हनुवटीचा भाग पकडा आणि हेल्मेट डावीकडे-उजवीकडे फिरवा. गालाची आणि कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर सरकली पाहिजे. कातडी जागच्या जागी राहून हेल्मेट तिच्यावरून घसरत असेल तर ते परत ठेवा. मग मान खाली घाला आणि सोबतच्या माणसाला मागची खालची कड धरून हेल्मेट वर-पुढे ओढायला सांगा, चांगल्या जोराने. ते डोक्यावरून निघालं किंवा डोळ्यांवर आलं, तर साइझ, आकार किंवा पट्टा यातलं काहीतरी चुकलंय.

यानंतरची चाचणी लोक टाळतात आणि पुढे मनस्ताप होतो. हेल्मेट डोक्यावर ठेवून अर्धा ते पाऊण तास बसा. पहिली दहा मिनिटं सगळीच हेल्मेट बरी वाटतात. टोचणारी जागा त्यानंतर बोलायला लागते: आधी नुसता दाब, मग बारीक ठणका, मग डोकं चढल्यासारखं. वेळ झाल्यावर हेल्मेट काढून लगेच कपाळ बघा. सगळ्या कपाळावर सारखी फिकट लाली असेल तर दाब सारखा पडतोय. एकाच ठिकाणी नाण्याएवढा लालभडक ठिपका असेल तर ते मॉडेल तुमच्या डोक्याचं नाही. रस्त्यावर तासाभरात त्या ठिपक्यामुळे लक्ष विचलित होतं आणि गाडी चालवणाऱ्याला ते परवडत नाही. ऑनलाइन मागवलं असेल तर ही चाचणी घरात करा, लेबल न काढता, डोक्यावर पातळ टोपडं घालून, म्हणजे परत करता येईल.

लेदर सूट वापरत असाल तर तो घालून हेल्मेट बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. सूटच्या पाठीवरचा उंचवटा आणि हेल्मेटचा स्पॉयलर यांची गाठ पडते ती मान मागे वाकवल्यावर. दोन्ही एकमेकांना टेकत असतील तर टकमध्ये मान पूर्ण वर होणार नाही, आणि नजर नेमकी जिथे पाहिजे तिथे पोचणार नाही. शक्य असेल तर गाडीवर बसून, नसेल तर बाकावर पोट टेकून टकमध्ये जा. काचेची वरची कड मधे येतेय का? हेल्मेट मागे सरकून मानेला टेकतंय का? चष्मा लावत असाल तर दांड्या कानशिलाला दाबताहेत का तेही याच वेळी बघा.

बाकीचं सगळं बसलं आणि फक्त गालाचं चुकलं, तर तेवढ्यासाठी हेल्मेट सोडू नका. या वर्गातल्या बहुतेक हेल्मेटना वेगळ्या जाडीचे गालाचे आणि डोक्याचे पॅड मिळतात. अराईच्या पॅडमध्ये ५ मिलीमीटरचा एक थर सोलून काढता येतो. शोएईच्या एक्स-फोर्टीनमध्ये तर टकसाठी आतलं अस्तरच थोडं फिरवून बसवता येतं.

शेल, वजन आणि नकली माल

शेल, म्हणजे बाहेरचं कवच, काचतंतू, अरामिड (एक मजबूत कृत्रिम धागा) आणि कार्बन यांच्या मिश्रणाचा असतो किंवा पूर्ण कार्बनचा. यावर जितकी चर्चा होते तितका फरक डोक्याला जाणवत नाही. रेसिंग हेल्मेटचं वजन बहुधा १४०० ते १७०० ग्रॅमच्या दरम्यान असतं, आणि पन्नास-शंभर ग्रॅमच्या फरकापेक्षा ते वजन कुठे आहे हे मानेला जास्त कळतं. पुढे जड असलेलं हलकं हेल्मेटही दमवतं. त्या मॉडेलसाठी कंपनी किती आकारांचे शेल बनवते हे मात्र जरूर विचारा. एकाच शेलमध्ये सगळ्या साइझ भागवल्या असतील, तर लहान डोक्याच्या माणसाला नुसतं जास्त अस्तर भरलेलं मोठं डबडं मिळतं.

मोटोजीपीतल्या रंगांची हेल्मेट निम्म्याहून कमी भावात कुठे दिसली, तर ती नकली आहेत असं धरून चाला. नकली हेल्मेटचा रंग हुबेहूब असतो. आतला फोम, पट्टा आणि डी-रिंग (पट्टा बांधायच्या कड्या) बघा, पट्ट्यावरचं लेबल शिवलेलं आहे की नुसतं चिकटवलंय ते बघा, अनुक्रमांक कंपनीकडे ताडून घ्या. जुनं, वापरलेलं हेल्मेट घेऊ नका. त्यावर काय पडलंय किंवा ते कशावर पडलंय हे बाहेरून कळत नाही.

काच आणि धुकं

काच कशी उघडते, कशी बंद होते आणि कशी बदलते हे दुकानातच स्वतःच्या हाताने करून बघा, हातमोजे घालूनसुद्धा. रेसिंग हेल्मेटच्या काचेला वेगळं कुलूप असतं. ट्रॅकवर निघताना ते लागल्याचा आवाज ऐकल्याशिवाय पिटलेन (ट्रॅकवर जाण्याआधीची गाड्या थांबायची गल्ली) सोडू नका. वेगात काच उघडली तर वाऱ्याचा फटका थेट डोळ्यांवर येतो, आणि ब्रेक मारायच्या क्षणी काहीच दिसत नाही. काच काढण्या-बसवण्याची पद्धत प्रत्येक कंपनीची निराळी. काही अगदी सोपी असतात, काही सवय होईपर्यंत भीती वाटावी अशी. घरी बसून ती हातात मुरू द्या.

धुक्यावर सर्वांत भरवशाचा उपाय पिनलॉक. काचेच्या आतून दोन खिळ्यांमध्ये एक दुसरी पातळ काच बसते. तिच्या कडेला सिलिकॉनची बारीक कड असते, त्यामुळे दोन काचांमध्ये हवा अडकते आणि आतली बाजू थंड पडत नाही. पिनलॉकवर ३०, ७० किंवा १२० असा आकडा असतो. आकडा जितका मोठा तितका वेळ ती धुक्याला रोखते, आणि रेसिंग हेल्मेटला १२० चीच घ्या. दोन काचांच्या मधेच दव दिसायला लागलं तर कड नीट टेकलेली नाही. खिळे मध्यबिंदूपासून सरकवलेले असतात, ते थोडे फिरवले की पिनलॉक घट्ट बसते. ती ओली असताना पुसू नका, त्यावर ओरखडे लगेच पडतात. तशीच वाळू द्या.

पिनलॉकची वरची कड टकमध्ये नजरेच्या रेषेत येते का, हे आधीच बघून ठेवा. सरळ बसल्यावर ती कड दिसतच नाही. सरळ रस्त्यावर पूर्ण टकमध्ये गेलात की नेमक्या पुढच्या वळणाच्या खुणेवर ती आडवी रेघ येते. रेसिंगसाठी बनवलेल्या काचांमध्ये पिनलॉकचा भाग वरपर्यंत नेलेला असतो तो यासाठीच.

गडद काच उन्हात डोळ्यांना फार आराम देते, पण ती दिवसापुरतीच. अंधार पडायच्या आत परत येणार असाल तरी साधी काच बरोबर ठेवा. टिअर-ऑफ, म्हणजे काचेवर चढवून मळल्यावर सोलून टाकायचा पातळ पडदा, शर्यतीत उपयोगी. रस्त्यावर त्याने नजर थोडी अंधुकच होते, आणि काढलेला पडदा मागच्याच्या तोंडावर जातो.

पट्टा: दोन डी, एकच पद्धत

रेसिंग हेल्मेटला दोन डी आकाराच्या कड्या असतात. पट्टा दोन्ही कड्यांमधून खालून वर काढा. मग तो मागे वळवून बाहेरच्या कडीवरून नेऊन फक्त आतल्या कडीतून बाहेर काढा आणि ओढा. ओढला की कड्या एकमेकींवर दाबल्या जाऊन पट्टा धरतात. हनुवटीखाली एक-दोन बोटं जेमतेम जातील इतका तो घट्ट हवा. उरलेलं टोक बटणाला लावा. ते बटण टोक फडफडू नये म्हणून आहे, हेल्मेट धरून ठेवण्यासाठी नाही. नुसतं बटण लावून निघालेला माणूस पट्टा न बांधताच निघालेला आहे.

ही गाठ रोज हात सांगेल तशी बांधली जाते, म्हणून एक सवय लावून घ्या: बांधून झाल्यावर कडीजवळचा पट्टा एकदा जोराने खाली ओढून बघायचा. चुकीची ओवलेली गाठ तिथेच सुटते.

आवाज

रेसिंग हेल्मेट शांत नसतं, आणि ते शांत असावं अशी अपेक्षाही करू नका. मोकळ्या रस्त्यावरच्या वेगाला आत वाऱ्याचा आवाज सहज ९५ ते १०० डेसिबलच्या आसपास जातो. कामगारांच्या आरोग्यासाठी वापरली जाणारी एक मर्यादा ८५ डेसिबलला आठ तासांची आहे, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. या हिशेबाने १०० डेसिबलला पंधरा मिनिटंच उरतात. गेलेलं ऐकणं परत येत नाही. फोमचे कानबोळे किंवा गाळणारे प्लग प्रत्येक लांब फेरीला घाला, हेल्मेट चढवण्याआधी. त्यामुळे इंजिन आणि हॉर्न ऐकू येत नाहीत ही समजूत चुकीची आहे. वाऱ्याचा गोंगाट खाली आला की बाकीचे आवाज उलट वेगळे ऐकू येतात. हनुवटीखालचा पडदा लावल्यानेही थोडा फरक पडतो.

ब्लूटूथ बसवणार असाल तर कानाजवळ स्पीकरसाठी खोबण आहे का ते आधी बघा. बऱ्याच रेसिंग हेल्मेटमध्ये नसते, आणि मग स्पीकर तासाभरात कानाची पाळी दुखवतो. त्यासाठी फोम कोरून जागा करू नका. तोच फोम डोकं वाचवतो. हेल्मेटवर कॅमेरा लावायला बरेच ट्रॅक मनाई करतात, आणि ती मनाई योग्यच आहे. शेलवर चिकटलेली कुठलीही टणक वस्तू पडताना अडकते.

धुणं-पुसणं

वाळलेले किडे खरवडू नका. ओलं मऊ फडकं काचेवर आणि समोरच्या भागावर पाच-दहा मिनिटं टाकून ठेवा, मग ते अलगद निघतात. काचेला कोमट पाणी आणि सौम्य साबण, बस. काच धुवायचे अमोनियावाले फवारे, पेट्रोल, थिनर, स्पिरिट यांनी काचेवरचा कडक थर जातो आणि रात्री समोरच्या दिव्याभोवती तारे दिसायला लागतात. आतला ईपीएस फोम फक्त ओल्या फडक्याने पुसा, त्याला कुठलंही रसायन लावू नका. सॉल्व्हंटने तो विरघळतो.

अस्तर आणि गालाचे पॅड काढून बेबी शाम्पूच्या कोमट पाण्यात भिजवा आणि हाताने दाबून दाबून धुवा. पिळू नका, फोमचा आकार जातो. सावलीत, वाऱ्याला वाळवा. हीटर किंवा ड्रायर नको. घाम, केसांचं तेल आणि सनस्क्रीन हेच अस्तराचे शत्रू, म्हणून आत पातळ टोपडं घालायची सवय लावली तर अस्तर कितीतरी जास्त टिकतं. काढताना कुठलं बटण कुठे होतं त्याचा फोनवर फोटो काढून ठेवा. परत बसवताना प्रत्येक बटणाचा आवाज आला पाहिजे, आणि गालाच्या पॅडची कड शेलच्या खाचेत सरकली पाहिजे. धुतल्यानंतर पहिल्यांदा घालताना पट्टा पॅडच्या खाली अडकलेला नाही ना, हे बघा.

काचेच्या भोवतीच्या रबराला अधूनमधून सिलिकॉन तेलाचा अगदी पातळ हात द्या. ते कोरडं पडलं की पाणी आत येतं. व्हेंटच्या जाळ्या मऊ ब्रशने साफ करा.

ठेवायचं कुठे

आरशावर नको, कारण आरशाचं टोक आतल्या फोमला एकाच जागी दाबतं आणि तो दबलेला परत फुगत नाही. टाकीवर नको, पेट्रोलच्या वाफा आणि घसरून पडणं, दोन्हीची भीती. तापलेल्या सायलेन्सरजवळ किंवा उन्हात उभ्या गाडीच्या बंद डिकीत तर नकोच. घरी, कापडी पिशवीत, कोरड्या सावलीच्या जागी ठेवा. ओलं असताना पिशवीत घालू नका. गाडीवरून उतरल्यावर सर्वांत सुरक्षित जागा म्हणजे आपलाच हात किंवा जमीन. सीटवर काठाशी ठेवलेलं हेल्मेट पडण्याच्या वाटेवरच असतं.

पडलं, आपटलं, जुनं झालं

डोकं आत असताना हेल्मेटला धडक बसली, तर ते बदला. बाहेरून ओरखडाच दिसत असेल तरी बदला. फोम एकदाच दबतो. दबलेल्या जागेवर दुसऱ्या वेळी तिथे काहीच उरलेलं नसतं. रिकामं हेल्मेट सीटच्या उंचीवरून पडलं तर गोष्ट वेगळी. आत डोक्याचं वजन नसल्याने फोम सहसा दबत नाही, पण शेलला तडा गेला असू शकतो. अस्तर काढून फोम बोटांनी चाचपा, शेलची कड उजेडात तपासा, आणि शंका राहिली तर कंपनीकडे तपासणीला पाठवा. अशी सोय देणाऱ्या कंपन्या आहेत.

काही पडलं-झडलं नाही तरी साधारण पाच वर्षांच्या वापरानंतर हेल्मेट बदलावं, असं स्नेल फाउंडेशन सुचवतं. गोंद, रेझिन, घाम आणि रोजची घालकाढ यांनी ते आतून थकतं. अस्तराखाली किंवा पट्ट्यावर बनवल्याची तारीख असते, ती विकत घेतानाच बघा. दुकानात दोन वर्षं पडून राहिलेलं हेल्मेट नव्याच्या भावात घेऊ नका. गालाचे पॅड मात्र त्याच्या आधी एक-दोनदा बदलावे लागतील. मान हलवल्यावर हेल्मेट मागून येतंय असं वाटायला लागलं की ती वेळ आली.

आणखी एक काम पहिल्याच दिवशी करा. या वर्गातल्या बहुतेक हेल्मेटच्या गालाच्या पॅडला खाली लाल फिती असतात. अपघातानंतर त्या ओढल्या की पॅड बाहेर निघतात आणि मानेला धक्का न देता हेल्मेट काढता येतं. बरोबर फिरणाऱ्यांना त्या दाखवून ठेवा. हेही सांगा की पडलेल्या माणसाचा श्वास चालू असेल तर हेल्मेट काढायची घाई करायची नाही, मान हलू न देता जाणकार मदत येईपर्यंत थांबायचं. श्वास अडकला असेल आणि काढावंच लागलं तर दोघांनी मिळून: एकाने मान आणि जबडा खालून धरायचा, दुसऱ्याने काच उघडून, पट्टा कापून, फिती ओढून हेल्मेट सरळ मागे काढायचं.

जुनं हेल्मेट टाकून देताना पट्टा कापून टाका आणि शेलवर मार्करने मोठ्या अक्षरात ‘वापरू नका’ असं लिहा. नाहीतर कोणीतरी ते उचलून नेतं, पुसतं आणि पुन्हा डोक्यावर घालतं.